रशिया ऑप्शनला

"बाई, रशिया ऑप्शनला टाकू का?"

हिंदुराव लेंगरे दारातूनच विचारत आला. अंगात खाकी, खांद्याला चामड्याची बॅग, काखेत तिकिटांचा ट्रे आणि हातात घामानं मऊ पडलेलं गाईड. दुपारचे सव्वादोन वाजले होते. डबा खाऊन मी नुकताच चहा ओतून घेतला होता आणि स्टाफरूममध्ये दुसरं कुणी नव्हतं. प्रश्न कानावर पडला आणि माझ्या हातातली बशी कलली. चहा मस्टरवर सांडला.

"काय झालं, बाई?"

"काही नाही, बसा," मी म्हटलं आणि मस्टर पुसायला घेतलं. 

कॉलेजचं तोंड पाहिलेल्या कुणालाही ऑप्शनला टाकणं म्हणजे काय ते सांगायला नको. आठ प्रश्नांतले पाच सोडवायचे असतात, त्यामुळे एखाददुसरा धडा न उघडताच सोडून देता येतो. आमच्या विट्याच्या कॉलेजात पोरं वर्षभर अभ्यास करत नसत, पण ऑप्शनला काय टाकायचं ह्यावर मात्र महिनामहिना खल चाले. तेव्हा प्रश्न रोजचाच होता. विचारणारा हिंदुराव होता आणि उत्तर मला ठाऊक होतं, हीच सगळी पंचाईत होती.

हिंदुराव विटा डेपोत कंडक्टर. वय एकोणचाळीस. बाहेरून बी.ए. करत होता आणि सगळे पेपर सुटले होते, एक सोडून. तो एक माझ्या विषयाचा: तुलनात्मक शासन आणि आंतरराष्ट्रीय राजकारण. तीनदा बसला आणि तीनदा आपटला. एकोणतीस, एकतीस, अठ्ठावीस. पास व्हायला पस्तीस लागत. जूनपासून अभ्यासक्रम बदलणार होता, म्हणजे जुन्या पेपराची ही शेवटची संधी. त्यात त्यांच्या खात्यात सहायक वाहतूक निरीक्षकाच्या जागा निघाल्या होत्या. पदवी हवी आणि वय चाळिशीच्या आत हवं. सप्टेंबरात हिंदुराव चाळीस पुरा करणार होता. आता गेलं तर निवृत्त होईपर्यंत त्याला घंटीच ओढायची होती.

माझी त्याची ओळख गाडीतच झाली होती. कऱ्हाडला माहेरी जाताना माझ्या मांडीवर पुस्तक पाहून तो म्हणाला होता, "ह्ये पुस्तक मला तीनदा चावलंय." तेव्हापासून दोन फेऱ्यांच्या मध्ये अर्धा तास सापडला की तो स्टाफरूमला यायचा. कॉलेजात सगळे मला मॅडम म्हणत. तो मात्र शाळेतल्यासारखं बाईच म्हणायचा आणि मला ते आवडायचं.

ह्या विषयात त्याला ब्रिटन येत नसे, अमेरिका जेमतेम येई आणि स्वित्झर्लंडचं नाव काढलं की जांभई येई. पण रशिया! सोव्हिएत महासंघ म्हणजे त्याचा हातखंडा. पंधरा प्रजासत्ताकं तो स्टॉप पुकारल्यासारखी पुकारायचा. "एस्टोनिया, लॅटव्हिया, लिथुआनिया, बेलारूस, युक्रेन, मोल्डाव्हिया... जॉर्जिया, आर्मेनिया, अझरबैजान, चला मागं सरका... कझाकस्तान, उझबेकिस्तान..." असं करत शेवटी मॉस्कोला गाडी उभी. एकोणतीस, एकतीस आणि अठ्ठावीस जे काही पडले ते रशियाच्या जिवावर पडले, ह्यावर आम्हा दोघांचं एकमत होतं.

आणि तो रशियाच बुडाला. ही गोष्ट फेब्रुवारी ब्याण्णवची आहे. सोव्हिएत महासंघ मोडून दोन महिने होत आले होते.

आता माझं गुपित सांगते. तीस वर्षं होऊन गेली, आता सांगायला हरकत नाही.

आदल्या सप्टेंबरात विद्यापीठाचं गोपनीय पत्र आलं होतं. त्या पेपराची प्रश्नपत्रिका मी काढायची होती. पहिलाच मान! सोबत एक छापील प्रतिज्ञापत्र होतं. पेपर मी काढलाय हे कुणालाही, म्हणजे नवऱ्यालासुद्धा, कळू देणार नाही, आणि त्यातलं एक अक्षर बाहेर जाऊ देणार नाही. त्यावर मी मोठ्या तोऱ्यात सही केली, सौ. सुशीला बाबर, आणि मग सगळे नवे पेपर काढणारे करतात तेच केलं. मागच्या चार वर्षांचे पेपर समोर ठेवले, शब्दांची थोडी उलथापालथ केली आणि प्रश्न तिसरा लिहिला: सोव्हिएत महासंघाच्या संघराज्य पद्धतीची वैशिष्ट्ये स्पष्ट करा.

त्या वेळी पंधरातली तीन प्रजासत्ताकं आधीच फुटली होती. ऑगस्टात मॉस्कोत रणगाडे रस्त्यावर आले होते. हे सगळं मला माहीत होतं, वर्गात मीच शिकवत होते. पण मनात म्हटलं, अजून बारा उरलीत की. एवढा मोठा देश सहा महिन्यांत कुठं जातोय? गॅसवर लाख वितळवून पाकिटाला पाच ठिकाणी लावली. यजमानांनी कचेरीतून आल्यावर विचारलं, कसला वास येतोय? म्हटलं, दूध करपलं.

पंचवीस डिसेंबरला तिकडे राष्ट्राध्यक्षांनी राजीनामा दिला. सव्वीसला आम्ही जेवायला बसलो असताना रेडिओवर बातमी लागली. यजमान म्हणाले, "गेला की गं तुझा रशिया!" मी हातातला घास परत ताटात ठेवला. त्यांना वाटलं, बिचारी जगाचं किती मनाला लावून घेते. त्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाले, "अगं, आपल्याला काय त्याचं?"

जानेवारीत मी विद्यापीठाला रजिस्टर पत्र टाकलं. अमुक क्रमांकाच्या प्रश्नपत्रिकेतील प्रश्न तीनमधला देश आता अस्तित्वात नाही, तरी प्रश्न बदलून पाठवण्याची परवानगी मिळावी. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. आपली प्रश्नपत्रिका विहित अभ्यासक्रमानुसार असल्याने बदल करण्याची आवश्यकता दिसून येत नाही. म्हणजे जगाच्या दृष्टीनं सोव्हिएत महासंघ संपला होता, पण आमच्या विद्यापीठात तो जूनपर्यंत ठणठणीत राहणार होता.

आणि आता हिंदुराव समोर बसून विचारत होता, रशिया सोडू का.

"सगळी पोरं सोडणार म्हनत्यात, बाई," तो म्हणाला. "तुमचे हेड अष्टेकर सर बी म्हनले, देशच न्हाई तर प्रश्न कसला? त्यापरीस चीन करा म्हनले. आता सहा आठवड्यात चीन कवा करू मी? दोन ट्रिपा करून घरी जाईस्तवर कंबरडं मोडतंय. पर सर म्हनत्यात तर सोडूनच द्यावा म्हनतो रशिया. त्येवढाच येळ स्वित्झर्लंडला..."

"नको! सोडू नका!"

शब्द तोंडातून निघून गेला. अगदी मोठ्यानं. हिंदुराव बोलायचा थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग मस्टरवरच्या चहाच्या डागाकडे पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे.

"म्हणजे," मी घाईघाईनं म्हटलं, "पाठ आहे ते कशाला टाकायचं? केलेला अभ्यास कधी वाया जात नाही. एवढंच हो."

"व्हय, व्हय," तो म्हणाला. "त्ये बी खरंच हाय."

मी दुसरा कप काढून त्याला चहा दिला.   त्यानं कप रिकामा करून खाली ठेवला, बॅगेतून घडी केलेला पेपर काढला आणि टेबलावर पसरला. प्रवाशांनी गाडीत टाकून दिलेली वर्तमानपत्रं तो गोळा करून वाचायचा, त्यामुळे त्याच्याकडे एकाच तारखेचे तीन पेपर असायचे.

"मला ह्ये सांगा, बाई. हितं लिव्हलंय, युरोपातल्या बारा देशांनी करार केला. एक बाजार, म्होरं एक नाणं बी करनार. ज्येंनी दोनदा एकामेकाची डोकी फोडली, त्ये आता एक चूल मांडायला निगालेत. आन् हिकडं ज्येंची एकच चूल हुती, त्येंच्या पंदरा झाल्या. जग नक्की चाललंय कुठं? जोडाजोडीकडं का तोडातोडीकडं?"

खरं सांगते, एम.ए.च्या वर्गातसुद्धा मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी खुर्ची पुढे ओढली. म्हटलं, सोव्हिएत महासंघाची मोळी वरून आवळून बांधलेली होती. दोरी सैल झाली आणि लाकडं सुटली. युरोपवाल्यांनी उलटं केलं. आधी नुसता कोळसा आणि पोलाद सामाईक केलं, म्हणजे कुणाला चोरून तोफा ओतता येऊ नयेत. मग बाजार, मग बाकीचं. चाळीस वर्षं लागली. कुणी कुणाला आवळलं नाही, आपापल्या पायानं आले.

"पर बाई, रशियाच्या घटनेत फुटून जायाचा हक्क हुताच की. पाठ हाय मला, कलम भात्तर."

"होता. पण नुसता कागदावर. आम्ही सगळे तसंच शिकवायचो."

"आमच्या गाडीत बी मागं लिव्हलेलं असतंय, संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग. वीस वर्सात त्यो दरवाजा कुणी उगडल्याला म्या बगितला न्हाई. म्हनून काय त्यो नुसता रंगवल्याला असतोय व्हय?"

ह्यावर मला हसू आलं, आणि मग वहीत टिपून ठेवावंसं वाटलं. तेवढ्यात त्यानं पुढचं विचारलं, "आन् आपलं सार्क? आपली सात जनांची भावकी. ती का जोडत न्हाई?"

मी सांगितलं ते पुस्तकातलं सांगितलं. भारत सगळ्यात मोठा, बाकीचे सहा त्याच्या भोवती, त्यामुळे धाकट्यांना धास्ती वाटते. आपापसातली भांडणं बैठकीत काढायची नाहीत असा नियम, म्हणून बैठका गोड होतात आणि काम होत नाही. हिंदुराव मान हलवत ऐकत होता. मग म्हणाला, "आमच्या गावाला, लेंगऱ्यात, सामायिक विहीर हाय. सातच हिस्सेदार. आमच्या थोरल्या चुलत्याची एकट्याची निम्मी विहीर, बाकीच्या निम्म्यात आमी सहा जन. तर पाण्याची पाळी कशी लावत्यात ठावं हाय? ज्येचा हिस्सा बारीक, त्येची पाळी आदी. थोरल्याची सगळ्यात शेवटाला."

"का बरं?"

"थोरला पैला बसला तर बारक्याला वाटतंय, माझ्यापत्तूर पानी येतंय का न्हाई. मंग त्यो राच्च्याला चोरून मोटर लावतोय. थोरला शेवटाला बसला की समद्यांचा जीव खाली. विहिरीत पानी तेवढंच, पर भांडान न्हाई. आमच्या आज्याच्या काळापासनं ह्यो रिवाज हाय. आपल्या सरकारला कुनीतरी सांगा, पाळी शेवटची घ्या म्हनावं."

 माझ्या कपाटात प्रादेशिक सहकार्यावर चार इंग्रजी पुस्तकं होती आणि त्यांतल्या एकातही हे इतकं स्वच्छ लिहिलेलं नव्हतं. ह्या माणसाला तीनदा नापास करणारी आमची परीक्षा कसली परीक्षा, असं त्या क्षणी मला मनापासून वाटलं.

उठताना तो म्हणाला, "बाई, ह्ये युरोप आन् सार्कचं मला नीट शिकवा. आन् स्वित्झर्लंड बी."

"रशिया?" असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. मी गिळलं. तो गेल्यावर मात्र मी मस्टरवरच्या डागावरून पुन्हा फडकं फिरवत बसले. पेपर फोडला का मी? दोन शब्दांनी? एक मन म्हणे, अगं, कुठलीही मास्तरीण हेच सांगेल, पाठ केलेलं टाकू नका. दुसरं मन म्हणे, कुठलीही मास्तरीण एवढ्या मोठ्यानं ओरडणार नाही. विद्यापीठाला कळवावं का, असंही वाटून गेलं. पण काय कळवणार? 'नको' म्हणाले म्हणून? आणि लाज वाटली तरी खरं ते सांगते. आतून मला बरंही वाटत होतं. हिंदुराव आता रशिया सोडणार नव्हता आणि वीस मार्कांचा त्याचा हुकमी प्रश्न पेपरात त्याची वाट बघत बसला होता. ह्या खेपेला तो पास होणार हे साऱ्या जिल्ह्यात मला एकटीला माहीत होतं.

पुढचे सहा आठवडे तो जवळजवळ एक दिवसाआड आला. कधी वीस मिनिटं, कधी गाडी उशिरा आली तर पाचच. स्वित्झर्लंडची जांभई त्यानं कशी आवरली कोण जाणे, पण एका आठवड्यात तो मला सार्वमत समजावून सांगायला लागला. ब्रिटनचं मंत्रिमंडळ त्याला डेपो मॅनेजर आणि विभाग नियंत्रक ह्यांच्या भाषेत बरोबर कळलं. रशियाचं नाव आम्ही दोघांनीही काढलं नाही. मी भीतीपोटी काढलं नाही. त्याला तर पाठच आहे, तो कशाला काढेल, असं मी धरून चालले होते.

एप्रिलात पेपर झाला. पाकीट फोडताना विभागप्रमुख म्हणून अष्टेकर सर होते. तिशीपासून ते रशियाचे भक्त. तिकडून येणारी गुळगुळीत मासिकं त्यांच्या घरी ढिगानं असत आणि आमच्या सगळ्यांच्या पोरांच्या वह्यांना त्यांचीच कव्हरं असायची. त्यांनी प्रश्नपत्रिका वाचली आणि कपाळाला हात लावला.

"बाबरबाई, हे बघा! कुण्या शहाण्यानं काढलाय हा पेपर? मेलेल्या माणसाच्या नावावर रेशन उचलण्यातला प्रकार आहे हा!"

"असेल कुणीतरी बिचारा," मी म्हटलं.

"बिचारा? माणूस वर्तमानपत्र वाचतो की नुसते वडे बांधून आणतो त्यात? पोरांना मी सांगितलं होतं सोडून द्या म्हणून. आता मला तोंड राहिलंय का दाखवायला? हा भेटला ना, तर विचारणार आहे मी त्याला, बाबा रे, ह्या देशाचं तिकीट कुठं मिळतं तेवढं सांग!"

मी पाणी प्यायला बाहेर गेले. येताना मुद्दाम सात नंबरच्या खोलीवरून आले. वर्गात चुळबुळ होती, दोनतीन पोरं प्रश्न चुकलाय का म्हणून हात वर करून बसली होती. खिडकीशी हिंदुराव मान खाली घालून लिहीत होता. भराभर, न थांबता. एस्टोनिया, लॅटव्हिया, लिथुआनिया, मी मनात म्हटलं, आणि समाधानानं पुढे गेले. पेपर सुटल्यावर त्याला अडीचची कऱ्हाड गाठायची होती. लांबूनच त्यानं हात वर केला आणि डेपोकडे पळाला.

त्यानंतर अडीच महिने तो आला नाही. उन्हाळ्याच्या जादा गाड्या होत्या आणि कॉलेजला सुट्टी होती. निकाल जूनच्या चौथ्या आठवड्यात लागला. मी नोटीस बोर्डासमोर उभी राहून बोट फिरवत खाली आले. लेंगरे हिंदुराव यशवंत. एकोणचाळीस. पास.

मी बोर्डासमोर टाळी वाजवली. शिपायानं वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो आला तो खाकीतच, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. आल्या आल्या वाकून नमस्कार करायला लागला, तसं मी त्याला अडवलं. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा माणूस. पण त्याचे डोळे भरले होते आणि माझेही.

"अर्ज भरला का?" मी विचारलं.

"सकाळीच. मार्कलिस्ट यायची हाय, तवर निकालाची नक्कल लावली. सायेब म्हनले, लेंगऱ्या, लेका, वयाच्या शेवटच्या स्टॉपावर गाडी धरलीस!"

आम्ही दोघंही हसलो. परीक्षा झाली, निकाल लागला, आता गोपनीय ते काय उरलं, असं मला वाटलं आणि इतके दिवस पोटात ठेवलेलं बाहेर पडलं.

"शेवटी रशियानंच तारलं म्हणायचं तुम्हाला!"

हिंदुरावनं पुड्याची दोरी सोडता सोडता वर पाहिलं.

"रशिया? त्यो म्या लिव्हलाच न्हाई, बाई."

"काय?"

"आठातलं पाच. ब्रिटन, अमेरिका, स्वित्झर्लंड, युरोप आन् सार्क मिळून एक, आन् त्या शेवटच्या टिपा. सार्कात विहिरीचं बी घातलं. तपासनाऱ्याला कळलं का न्हाई, द्येव जाने."

"अहो, पण तिसरा प्रश्न! पाठ होता तुम्हाला!"

"पंदराच्या पंदरा. अजून बी हायत."

"मग?"

त्यानं पुडा उघडून माझ्यापुढे धरला. म्हणाला, "त्या दिवशी तुमी 'सोडू नका' म्हनलात ना, तवा तुमचं तोंड असं झालतं, का एकांद्या बाईची पर्सच गाडीत राहिली. तोंडं बगायचाच आमचा धंदा. म्या वळखलं, पेपर बाईंनी काडलाय आन् रशिया हाय त्येच्यात. मला सांगा, तुमी कुठं सही केली असंल न्हवं? कुनाला बोलनार न्हाई म्हनून?"

"केली होती," मी म्हटलं. 

"मंग झालं तर. तुमच्या तोंडातनं निसटलं खरं. पर म्या त्ये घेतलं न्हाई. देनाऱ्यानं दिलं आन् घेनाऱ्यानं घेतलं, तवा पेपर फुटतोय. तुमचा पेपर फुटला न्हाई, बाई. निवांत ऱ्हावा."

सहा आठवडे हा माणूस एक दिवसाआड माझ्यासमोर बसून चहा पीत होता आणि माझी सही सांभाळत होता. मी समजत होते, मीच त्याला सांभाळतेय.  राग आला, आणि राग कुणाचा आला तेही कळेना. म्हटलं, "आणि नापास झाला असता तर? निरीक्षकाची जागा गेली असती. चार मार्कांनी वाचलात तुम्ही, हिंदुराव! चार!"

"व्हय. निकालाच्या आदल्या दिवशी मला बी झ्वाप न्हवती. मनात म्हनलं, हिंद्या, लई शाना झालास. बायकोला तर अजून सांगितलं न्हाई, तुमी बी सांगू नगा. घरात घेनार न्हाई ती मला." तो हसला. मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि जरा गंभीर झाला. "दुसरं बी एक हाय, बाई. तीन येळा नापास झालो त्ये माझा मी झालो. त्यात कुनाचा हात न्हवता. मंग पास तेवढं दुसऱ्याच्या हातानं कशाला व्हायाचं?"

बाहेर स्टँडवरून कंट्रोलरचा पुकारा ऐकू आला. हिंदुराव उठला, टोपी चढवली, बॅग खांद्याला अडकवली आणि निघाला. दारात अष्टेकर सर भेटले, त्यांच्या हातावर त्यानं पेढा ठेवला. सर म्हणाले, "वा! कुठला प्रश्न चांगला गेला?"

"सार्कचा, सर," तो म्हणाला आणि गेला.

इतका आनंद मला माझ्या एम.ए.च्या निकालाला झाला नव्हता. पुडा टेबलावर उघडाच होता. मी एक पेढा खाल्ला, आणि सर आत यायच्या आत दुसराही.